इसक्कीराजा, पार्सल

आमच्या गल्लीत कुणाचंही पार्सल आलं तरी ते आधी माझ्या डोळ्यांखालून जातं. असा काही कायदा नाही, पण रीत पडून गेली आहे. गल्ली इतकी अरुंद, की पार्सलवाल्याची गाडी तोंडाशीच कडुनिंबाखाली थांबते, आणि त्या कडुनिंबाखालीच माझं शिलाईचं दुकान. बाया सगळ्या दिवसभर काडेपेटीच्या कारखान्यात, घरांना कुलपं. मग पार्सल घेणार कोण? शेंबगम अक्का. आणि ते हातात देताना चार शब्द सुनावणार तीही शेंबगम अक्काच. त्याचे वेगळे पैसे मी घेत नाही.

सुनावू नको तर काय करू? समोरच्या पेचीनं फोनवर कुठलंसं पान बघून निम्म्या किमतीत रेशमी साड्या मागवल्या, पैसे आधीच भरून मोकळी झाली, आणि आलं ते मच्छरदाणीचं कापड. तक्रार करायला इंटरनेटवर नंबर शोधला, तर तो नंबरही चोराचाच. त्यानं गोड बोलून ओटीपी काढून घेतला आणि खात्यात उरलंसुरलं होतं तेही साफ केलं. बाई माझ्या दुकानात बसून हमसून हमसून रडली. मी तिला पाणी दिलं, आणि मग असं झाडलं की रडायचं विसरली.

तेव्हापासून मी गल्लीला शिस्तच लावली. आपण मागवलेलं नाही ते पार्सल घ्यायचं नाही. दुकान ओळखीचं नसेल तर आधी पैसे भरायचे नाहीत. डबा उघडायचा तो माझ्यासमोर, फोनचा कॅमेरा चालू ठेवून, म्हणजे आत दगड निघाला तर दाखवायला पुरावा राहतो. आणि एखादी वस्तू डोळ्यांत भरली तर रविवारपर्यंत कळ काढायची. रविवारीही ती आठवली तरच घ्यायची. निम्म्या वस्तू बाया शनिवारीच विसरतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

वडिवुला मात्र मला कधी काही सांगावं लागलं नाही. ती माझ्या पाठभिंतीची शेजारीण. नवरा गेला तेव्हा धाकटी कनगा पाळण्यात होती. तेव्हापासून ही बाई काड्या भरून घर चालवते आहे. पैसा कुठे आधी जायचा ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. तांदूळ, गॅस, पोरांच्या फिया. त्यातून काही उरलंच तर ते पुढच्या फीसाठी. हौस हा शब्द तिच्या घरात कुणी काढला तर त्याची धडगत नव्हती.

तिचा थोरला इसक्कीराजा. घरात सगळे राजाच म्हणायचे. लहानपणी देवीच्या जत्रेत गॉगलसाठी तो रस्त्यावर आडवा पडला होता, ते मला अजून आठवतं. वडिवुनं त्याला तसाच बखोटीला धरून घरी ओढत आणला. आधी बहिणीचं दप्तर, मग तुझी हौस, हौस करायला अख्खा जन्म पडलाय, असं ती त्याला सांगत होती आणि पोरगं गळा काढून रडत होतं. गल्लीभर हशा पिकला होता. मीही हसले होते.

मोठा झाल्यावर राजा तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात लागला. पैसे वेळेवर पाठवायचा. कनगा तिरुनेलवेलीला नर्सिंगला गेली ती त्याच्याच जिवावर. पण पोराला अधूनमधून लहर यायची आणि तो फोनवरून घरच्या पत्त्यावर काहीतरी मागवायचा. एकदा मिक्सर आला. वडिवुनं फोनवर त्याला असं सोललं की मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. पाटा काय मोडला होता का, कनगाच्या परीक्षेचं काय, तुला अक्कल कधी येणार. तो नुसता हसत असणार, कारण ही आणखीनच भडकत होती. आणि फोन ठेवल्यावर बया गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगून आली, की राजानं मिक्सर पाठवलाय, तुमच्या चटण्या घेऊन या.

पोंगलला तो येऊन गेला. उसाचा मोठा भारा आणला होता, मलाही दोन कांडकी दिली. त्यानंतर महिनाभरात, कामावरून परत येताना, मागून लॉरीनं उडवलं.

त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही. माझ्याच्यानं होत नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की भिंतीवर लागतं. राजाचे मित्र आणि वडिवुचा भाऊ चेल्लैया यांनी मिळून पोस्टरं छापून आणली आणि गल्लीच्या तोंडापासून थेट बसस्टँडपर्यंत भिंती भरून टाकल्या. राजाचा हसरा फोटो, वर ‘अश्रूंची आदरांजली’, खाली पूर्ण नाव, घराचा पत्ता, अंत्ययात्रेची वेळ, शोकाकुल मंडळींची रांग आणि चौकशीसाठी म्हणून चेल्लैयाचा फोन नंबर. पोस्टर जितकं मोठं तितकी माणसाची माया मोठी, असं आम्ही मानतो. राजाचं पोस्टर वडिवुच्या दारापेक्षा मोठं होतं. ती त्याच्याकडे बघायची नाही. येता-जाता मान खाली घालून जायची. आणि ‘वारला’ हा एक शब्द तिनं कधी उच्चारला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, राजा नाही इथे. एवढंच. जणू तो तिरुप्पूरलाच आहे आणि सुट्टी मिळाली की येईल.

सोळाव्या दिवसाचा विधी झाला, पाहुणे पांगले, घर रिकामं झालं. त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी ब्लाऊज बेतत होते आणि कडुनिंबाखालून हाक आली.

“इसक्कीराजा! इसक्कीराजा, पार्सल!”

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. आमचा जुना पार्सलवाला सोडून गेला होता आणि हा आरोक्यम नवा होता, सात्तूरकडचा. त्याला काय माहीत? भिंतींवर रोज कुणाची ना कुणाची पोस्टरं असतात, वाचत कोण बसतो? घरात झोपलेल्या माणसाला उठवावं तसा तो हाका मारत होता, वर थोडा वैतागलेलाही, की हा बाबा येतो का नाही. मी त्याला गप्प करायला उठले, तोवर वडिवु अनवाणी धावत आली. केस मोकळे, पदराचं भान नाही. आरोक्यमनं पैसे सांगितले, तिनं कमरेच्या पुरचुंडीतून काढून दिले. मी थांब थांब म्हणेपर्यंत पार्सल तिच्या छातीशी होतं.

माझ्या मनातही क्षणभर आलं, की पोरानं जाण्याआधी मागवलेलं असेल. देवा, असेल तर असू दे, असंच मी म्हटलं. दुकानात बसून आम्ही ते उघडलं. आत एक शर्ट. पातळ, भगभगीत निळा, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराच्या मापाचा. मी कापडात आयुष्य घालवलेली बाई. असला माल दुकानदार पोतेरं म्हणूनही ठेवत नाही. वडिवुनं तो मांडीवर पसरला, हात फिरवला.

“सहावीत होता तेव्हा बसला असता,” ती म्हणाली.

मी वरचा कागद नीट वाचला. मागवल्याची तारीख होती ती राजाला अग्नी दिल्यानंतरची. तिला बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, वडिवु, ही फसवणूक आहे गं, कुणीतरी नाव टाकून कचरा पाठवतो आणि दारात पैसे उकळतो. रक्कमही बघ कशी बेतून ठेवली आहे, दुःखातल्या घरानं घासाघीस न करता देऊन टाकावी एवढीच. पुढचं आलं तर परत लाव. ती त्या तारखेकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं पटलं.

“म्हणजे कुणाला तरी अजून माहीत नाही,” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग ती सावकाश बोलली. गावात जो भेटतो त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं, अक्का. दूधवाला मान खाली घालतो, कारखान्यात बाया बोलता बोलता गप्प होतात. सगळ्यांना माहीत आहे. पण कुठेतरी कुठल्यातरी गावात एक माणूस बसलाय, चोर का असेना, त्याला वाटतंय की या घरात इसक्कीराजा राहतो, त्याला शर्ट लागतो, हाक मारली की तो बाहेर येईल. राहू दे ना तेवढा एक.

ती शर्टाची घडी घालून गेली. पण मला कागदावरचा फोन नंबर सतावत होता, कारण तो राजाचा नव्हता. कुठेतरी पाहिलेला होता. माझी ट्यूब पेटली तेव्हा मी कडुनिंबासमोरच्या भिंतीपाशी गेले. नंबर चेल्लैयाचा होता. मामा-भाच्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, राजानं जीव गेला तरी त्याचा नंबर कुठे दिला नसता. नाव, पत्ता, नंबर, सगळं पोस्टरवरून उचललं होतं. चोराला माहीत नव्हतं कसलं! चोराला तेवढंच माहीत होतं. पोरगं गेलं म्हणूनच त्याच्या नावानं पार्सल निघालं होतं.

माझं हे तोंड कधी बंद राहत नाही, सगळं गाव जाणतं. पण मी परत येऊन मशीनवर बसले आणि वडिवुला यातलं अक्षर सांगितलं नाही. काय सांगणार होते? आख्ख्या जगात एकच माणूस तिनं शोधून काढला होता, ज्याच्या लेखी तिचा मुलगा जिवंत होता. तोही खोटा आहे, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

चोरांना पैसे देणारं घर सापडलं की ते सोडत नाहीत. पार्सलं येत राहिली. एकदा चपला आल्या, दोन्ही डाव्या पायाच्या. एकदा गॉगल आला. प्लास्टिकचा, नाकावर ठेवला तर वाकडा बसणारा. त्या दिवशी वडिवु माझ्या दुकानात जमिनीवरच बसली आणि गॉगल हातात घेऊन इतकी रडली, इतकी रडली, की मलाही आवरेना. जत्रेतली गोष्ट आम्हा दोघींनाही आठवत होती, पण कुणीच काढली नाही. मग तिनं पदरानं काचा पुसल्या आणि घरी नेऊन राजाच्या फोटोपाशी ठेवला. शर्ट, चपला, गॉगल, सगळं तिथे मांडलेलं. जे जे त्याला कधी नाही म्हटलं होतं ते एकेक करून घरात येत होतं, आणि ती पैसे मोजत होती.

राजा गेल्याचं आरोक्यमला गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं. माणूस भला. पुढच्या खेपेला तो हाक न मारता माझ्या दुकानाशी आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, अक्का, त्या अम्माचं पार्सल आहे, काय करू? बंद डबा असतो, आत काय ते मला ठाऊक नाही, आणि घरच्यांनी नको म्हटल्याशिवाय मला परत नेता येत नाही. तेवढ्यात वडिवु आलीच. तिला त्याच्या गाडीचा आवाज आता लांबून कळायचा. तिनं पार्सल घेतलं नाही. त्याच्याकडे बघत उभी राहिली.

“आज हळू का बोलतोस?” तिनं विचारलं. “पहिल्यासारखी हाक मार.”

आरोक्यमनं माझ्याकडे पाहिलं. तो गाडीपाशी परत गेला, घसा खाकरला आणि त्यानं हाक मारली. वडिवुच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी नाही सांगू शकत. ती म्हणाली, आलो आलो म्हण. कुणाला म्हणाली कुणास ठाऊक. मग तिनं पैसे दिले.

कनगा सुट्टीत घरी आली तेव्हा तिला हा प्रकार कळला. पोरगी समजूतदार, आईला काही बोलली नाही, माझ्याकडे आली. राजाच्या कारखान्यानं त्याचा राहिलेला पगार दिला होता, तो तांदळाच्या डब्यात होता आणि त्यातून तिची परीक्षेची फी भरायची होती. तो हळूहळू कमी होत होता. वर वडिवु कारखान्यात पुरती जातच नव्हती, पार्सलवाला येऊन जाईल म्हणून अर्ध्या दिवसात परत यायची. अक्का, तू सांग तिला, कनगा म्हणाली. माझं शिक्षण राहिलं तर राजाअण्णाचंच राहिल्यासारखं आहे. त्याची शपथ घालून सांग.

मी त्या पोरीला वचन दिलं. आणि नंतर एका दिवशी वडिवु रेशनच्या रांगेत असताना पार्सल आलं, तेव्हा मी गाडीपाशी जाऊन उभी राहिले आणि आरोक्यमला म्हटलं, मीच घरची समज आणि परत ने. तोही बिचारा सुटल्यासारखा निघून गेला. पण गल्लीत काही लपून राहतं का? संध्याकाळी वडिवु दुकानाच्या पायरीशी आली. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

“अक्का, तू तुझ्या कदिरला दिवसातून किती हाका मारतेस?” ती म्हणाली. “ऊठ, जेव, दिवा लाव, कुठे उलथला होतास. मी भिंतीपलीकडून सगळ्या ऐकते. मी काही म्हणते का? माझ्या दाराशी आठवड्यातून एक हाक येते. ती पण तू परत लावलीस.”

कदिर माझा मुलगा, तिशीला आला तरी खाटेवरून हलत नाही, आणि मी त्याच्या नावानं सकाळपासून ओरडत असते, हे खरंच आहे. त्या दिवशी मी त्याला जेवायला हाक मारली नाही. ताट वाढून नुसतं समोर नेऊन ठेवलं.

मग मागच्या गल्लीतले सुप्पैया गेले. खूप म्हातारे, ऐंशीच्या पुढचे. काडेपेटीच्या कारखान्यातले जुने मुकादम, त्यामुळे आमच्यातल्या प्रत्येकीच्या ओळखीचे. डोळे कधीचेच गेले होते. वडिवुला मी म्हटलं, तू नको येऊस. पण तिच्या नवऱ्याच्या वेळी त्यांनी फार केलं होतं, तेव्हा आठ-दहा दिवसांनी आम्ही दोघी समाचाराला गेलो. घरात बाया चटईवर बसलेल्या, कुणी गळ्यात पडून रडत होतं, कुणी म्हाताऱ्याच्या तापट स्वभावाच्या गोष्टी सांगून हसत होतं. पिकलं पान होतं, घर फार दुःखात नव्हतं. वडिवु भिंतीला टेकून बसली होती.

आणि बाहेरून हाक आली.

“सुप्पैया! सुप्पैया, पार्सल!”

आरोक्यमच तो. घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुनेला तर हसूच आलं. म्हणाली, मामंजींनी फोन कधी हातात धरला नाही, आंधळ्या माणसानं काय मागवलं? पण मुलगा उठला. बापानं कुणाकडून तरी करवून घेतलं असेल, शेवटची इच्छा असेल, कशाला परत पाठवा, असं म्हणत त्यानं पैसे दिले. डबा सगळ्यांच्या मध्ये उघडला. आतून गॉगल निघाला. तोच. प्लास्टिकचा, एका बाजूनं वाकडा. डब्याची चिकटपट्टीपण त्याच पिवळ्या रंगाची.

बाया बोलत होत्या, हसत होत्या, मुलगा शिव्या देत होता. वडिवु उठली आणि सरळ बाहेर गेली. मी मागोमाग. अंगणाच्या भिंतीवर सुप्पैयांचं पोस्टर होतं, नवं कोरं, खाली मुलाचा नंबर. आरोक्यम गाडी वळवत होता. तिनं त्याला थांबवून विचारलं, डब्यावर नंबर कुणाचा होता रे? त्यानं फोनमध्ये बघून आकडे वाचले. वडिवु पोस्टरवर बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेली. बाईला लिहिता-वाचता फार येत नाही, पण आकडे येतात.

परत येताना ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा राजाच्या पोस्टरसमोर उभी राहिली. उन्हानं रंग उडाला होता, एक कोपरा सुटून लोंबत होता. तिनं तो हातानं सपाट केला. मग खालच्या नंबरावर बोट ठेवलं.

“इथूनच घेतलं?”

मी मान हलवली.

“तुला माहीत होतं?”

“होतं,” मी म्हटलं. “पहिल्या दिवसापासून.”

आता ही मला बोलेल, आयुष्यात तोंड बघणार नाही, असं मला वाटलं. ती तशीच पोस्टरवर हात ठेवून उभी होती. लोक येत-जात होते. नळावर पाणी आलं होतं आणि घागरींची रांग लागली होती.

“म्हणजे आता कुणीच राहिलं नाही,” ती म्हणाली.

मी तिला घरात नेलं. रसम-भात कालवून दिला, तिनं खाल्ला नाही. तिच्या घरात मी काय काय बडबडले ते मला आठवत नाही. चोरांना शिव्या घातल्या, त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पेचीच्या वेळी शिकलेली होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सुप्पैयांच्या मुलाला घेऊन पोलिसांत तक्रार नोंदवून आले. गल्लीत सगळ्यांना सांगितलं, की यापुढे पोस्टरवर घराचा पत्ता नको आणि फोन नंबर तर मुळीच नको. सगळ्यांनी ऐकलं. मी म्हटलं ते सगळ्यांना पटतं, नेहमीच पटतं. त्यानं वडिवुचं काय झालं? तिनं तांदळाचा डबा काढून कनगाच्या पुढ्यात ठेवला, दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेली आणि पूर्ण दिवस भरून आली. तोंड असं, की मीठमिरची घ्यायला येणाऱ्या बायाही दारातून परत जायच्या.

एका शनिवारी, आठवड्याचा पगार घेऊन ती लवकर परत आली होती आणि माझ्याकडे ब्लाऊजला हूक लावून घेत होती, तेव्हा गाडीचा आवाज आला. आम्ही दोघींनीही तो ओळखला. आरोक्यमला सुप्पैयांच्या घरचं सगळं कळलं होतं, तरी तो गाडीपाशी उभा राहून नेहमीसारखा ओरडला. त्याला बिचाऱ्याला तिनंच तसं सांगितलेलं होतं ना.

“इसक्कीराजा! इसक्कीराजा, पार्सल!”

वडिवुनं ब्लाऊज खाली ठेवला आणि सावकाश चालत त्याच्यापर्यंत गेली. मी दुकानाच्या पायरीवर आले. त्यानं डबा पुढे केला. तिनं हात पुढे केला नाही.

“परत ने,” ती म्हणाली.

मी किती वाट पाहिली होती या शब्दाची. कनगाला वचन दिलं होतं. आता तो आला तर मी दाराची चौकट धरली.

आरोक्यमनं फोन काढला. म्हणाला, अम्मा, परत नेताना कारण टाकावं लागतं, त्याशिवाय पुढे जात नाही.

“वारला म्हणून लिही.”

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. नळावरच्या बायांनीही ऐकला. कुणीतरी घागर खाली ठेवली. आरोक्यम फोनकडे बघत राहिला, अंगठ्यानं वर-खाली करत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, तसं यात नाही, अम्मा. यात दार बंद होतं असं आहे, पैसे नव्हते असं आहे, माल नको आहे असं आहे. मी ‘नको आहे’ टाकतो.

वडिवुनं त्याचं मनगट धरलं.

“नको असं नको लिहूस,” ती म्हणाली. “खूप वेळा त्याला नाही म्हटलंय मी. आता त्याच्या नावापुढे ते नको.”

आरोक्यम पुन्हा शोधायला लागला. शेवटी त्याला एक सापडलं, ते त्यानं वाचून दाखवलं. ‘या पत्त्यावर राहत नाही.’

वडिवुनं त्याचं मनगट सोडलं.

“हां. ते लिही.”

त्यानं दाबलं. डबा पिशवीत टाकला आणि गाडीला किक मारणार, तेवढ्यात तिनं त्याला थांबवलं.

“जाताना एकदा हाक मार,” ती म्हणाली. “मग नको येऊस.”

तो गाडीवरून उतरला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत घातली, रोजच्यासारखी. गल्लीकडे तोंड केलं आणि सगळा जीव काढून हाक मारली.

वडिवु गल्लीत बघत उभी राहिली. तिच्या घराचं दार उघडं होतं. आतून उठून, चपला घालून बाहेर यायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती थांबली. आम्ही सगळ्याच थांबलो.

“जा आता,” ती म्हणाली.